नुसती तारा

पन्हाळ्यावर धुकं उतरलं की माणसं दिसायच्या आधी ऐकू येतात. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी मी गडावर होते. ताराराणींच्या वाड्याजवळून चालले होते. चार पावलांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. तेवढ्यात धुक्यातून एका बाईची हाक आली. "ताऽरा! अगं तारा! टोपी घाल आधी!" थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून, अगदी कंटाळलेल्या आवाजात, "ओऽऽ" आली. मागोमाग सात-आठ वर्षांची एक मुलगी धुक्यातून बाहेर पडली. टोपी हातात होती, डोक्यावर नव्हती.

मला हसू आलं. वाडा कुणाचा आणि हाक कुणाला! मग चालता चालता वाटलं, या वाड्याच्या आसपास हे नाव इतकं मोकळेपणानं याआधी कधी ऐकू आलं असेल? पुढे बाई नाही, राणी नाही, साहेब नाही. नुसती तारा.

ताराराणी मूळच्या कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक १६७५ साली जन्मली. शिवरायांच्या राणी सोयराबाई तिच्या सख्ख्या आत्या. (मी 'ती' म्हणतेय. कोल्हापूरकरांनी रागावू नये. आज विषयच तो आहे.) राजाराम महाराजांशी तिचं लग्न झालं. १६८७ मध्ये वाईच्या लढाईत हंबीरराव पडले, तेव्हा ती १२ वर्षांची होती. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज गेले, तेव्हा २५ ची. पुढची सात वर्षं तिनं औरंगजेबाला झुंजवलं. १७०१ मध्ये तो म्हातारा बादशहा स्वतः फौज घेऊन याच पन्हाळ्याखाली येऊन बसला होता. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्यालासुद्धा तिच्या हुशारीबद्दल चांगलं लिहावं लागलं. १७१० मध्ये करवीरची वेगळी गादी उभी राहिली आणि कारभार पन्हाळ्यावरून सुरू झाला. चारच वर्षांनी घरातल्याच माणसांनी तिला आणि तिच्या मुलाला कैदेत टाकलं. तेही याच गडावर. जिथून हुकूम सुटले, तिथेच दारं बाहेरून बंद झाली. तरी ती खचली नाही. १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्याला तिनं डोळे मिटले, तेव्हा वय होतं ८६.

इतिहासाच्या पुस्तकांत ती ताराबाई आहे. आम्ही कोल्हापूरचे लोक ताराराणी म्हणतो. कावळा नाक्यावर तिचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिच्या नावाचा चौक आहे, तिच्या नावाचं विद्यापीठ आहे. नाव खूप मोठं झालं. पण त्या ८६ वर्षांतली किती वर्षं तिला कुणी नुसतं 'तारा' म्हणून हाक मारली असेल? आत्या लवकर गेल्या, मग वडील गेले. सासरी, त्यातून राजाच्या घरी, बाईचं नाव एकटं फिरत नाही. त्याच्या मागेपुढे नेहमी कुणीतरी चालत असतं.

हे काही राण्यांचंच नाही. तुमच्या-माझ्या घरात तेच आहे. सकाळपासून आपण किती बायकांना हाका मारतो ते बघा. आई, वहिनी, काकू, मावशी, ताई, मॅडम. आमच्या भागात आक्का. 'आक्का' हा शब्द मला फार आवडतो. कानडी मुलखाच्या कडेला राहिल्याची ती कमाई आहे. त्यात मान आहे आणि जवळीकही आहे. नात्यानं हाक मारण्यात काही वाईट नाही, उलट ती आपली श्रीमंतीच म्हणायची. फक्त एक होतं. वरचं नातं वापरून वापरून गुळगुळीत होतं आणि खालचं नाव तसंच घडी घातलेलं राहतं. लग्नातल्या शालूसारखं. आहे हे सगळ्यांना माहीत असतं, काढत कुणी नाही.

माझ्या आजीचं तसंच झालं. माहेराहून ती एक नाव घेऊन आली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं. ते तिनं वाचलंही नाही, कारण वाचता येत नव्हतं. पुढे दोन्ही नावं बाजूला राहिली. सासू तिला 'थोरली' म्हणायची. आजोबा 'अगं' म्हणायचे. गावात ती माझ्या चुलत्याची आई होती. आम्हा नातवंडांची नुसती आजी. ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी द्यायच्या होत्या. कागद घेऊन बसलेल्या काकांनी विचारलं, "नाव काय लिहायचं?" घरात चौदा माणसं होती. एकही पटकन बोललं नाही. शेवटी रेशनकार्ड काढलं. कार्डावर सासरचं नाव होतं. तेवढ्यात तिची माहेरची धाकटी बहीण रडता रडता बोलायला लागली आणि तिच्या तोंडून तिसरंच नाव बाहेर पडलं. लहानपणीचं, लाडाचं. ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आजी समोर निजलेली होती आणि तिची ओळख आम्हाला त्या दिवशी होत होती.

गंमत अशी की 'नाव घेणं' हा आपल्याकडे सोहळा आहे. हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, कुणीतरी म्हणतंच, "नाव घ्या, नाव घ्या." मग उखाणा येतो, टाळ्या पडतात. पण ते नाव नवऱ्याचं. ते यमकात बसवायला आपण केवढी खटपट करतो! चांदीचं ताट, रुप्याची वाटी, महादेवाची पिंड, सगळं कामाला लावतो. एखादीनं उखाणा घेऊन झाल्यावर "आणि तुझं गं?" असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. विचारून बघायला हवं एकदा.

आणि तरी बाईच्या नावाची सुरुवात किती देखणी होते! बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजवलेला. बाळाला पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायचं. मग आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि 'कुर्रर्र' करून नाव सांगते. तेवढ्यात तिच्या पाठीत धपाधप धपाटे पडतात. सगळ्या बायका हसतात, बाळ दचकतं. पण नीट पाहिलं तर आपलं नाव आपल्याला पहिल्यांदा कुणीतरी कुजबुजत, अगदी जवळून सांगितलेलं असतं. कागदावर ते नंतर येतं. आधी कानात येतं.

पत्रिका बघून नाव ठेवायचं असेल तर 'ता' हे अक्षर स्वाती नक्षत्राच्या चौथ्या चरणाला येतं. म्हणजे स्वातीच्या शेवटच्या पावलावर जन्मलेल्या मुलीला तारा म्हणायचं. नक्षत्राच्या पोटी तारा, छानच की! तारा म्हणजे चांदणी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा शब्द फार जुन्या घराण्यातला आहे. वेदांत चांदण्यांना 'स्तृ' म्हटलंय. त्यातला पहिला 'स' गळून तारा झाली. फारसीत तोच शब्द सितारा झाला आणि इंग्रजीत स्टार. संस्कृतात डोळ्यातल्या बाहुलीलाही तारा म्हणतात. आकाशातली चमक आणि डोळ्यातली चमक, दोघींना एकच नाव.

याच नावाला दुसरीही एक मुळी आहे. आपण मराठीत 'तारणं' म्हणतो ना, तीच. देव तारी त्याला कोण मारी. तारते ती तारा. पाण्यातून पैलतीराला नेणारी. बौद्धांची तारा देवी अशी आहे. सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेडी, पाणी, पिशाच्च अशा आठ भयांतून ती सोडवते. वेरूळच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत. त्या काळी व्यापारी तांडे घेऊन घाटांतून आणि गलबतं घेऊन समुद्रातून जायचे. अंधारात वाट दाखवायला वर चांदणी, आणि संकटात हाक मारायला तारा. दोन अर्थ तिथे एकमेकांना भेटले असणार.

रामायणात वालीची बायको तारा. सुग्रीव दुसऱ्यांदा आव्हान द्यायला आला, तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, आज जाऊ नका, याच्या पाठीशी कुणीतरी आहे. वालीनं ऐकलं नाही. पुढे लक्ष्मण संतापून किष्किंधेत शिरला, तेव्हा त्याच्यासमोर जाऊन बोलायला पुन्हा ताराच पुढे झाली आणि तिनं त्याला शांत केलं. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी. काही ठिकाणी सीतेच्या जागी कुंती. पहाटे उठल्यावर या पाचजणींची नावं घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. माझी आजी घ्यायची. डोळे चोळत, पायानं चपला शोधत. त्या पाचांत स्वतःचं नाव घालावं असं मात्र तिला कधी सुचलं नसेल.

मनुस्मृतीत मुलीच्या नावाबद्दल दोन सांगण्या आहेत. एक, नाव सोपं, गोड, अर्थ कळेल असं आणि शेवटी दीर्घ असावं. तारा त्यात फिट बसते. दुसरी सांगणी अशी की नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये! आपल्या आयाबायांनी पहिली ऐकली आणि दुसरी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली. नाहीतर महाराष्ट्रात इतक्या रोहिणी, रेवती, अनुराधा, तुळसा, चंपा, कृष्णा आणि गोदावरी नांदल्याच नसत्या. मला या शहाणपणाचं कौतुक वाटतं. भांडण नाही, वाद नाही. सरळ पाळणा हलवला आणि म्हटलं, हिचं नाव गंगा.

पन्हाळ्यावर तर कोठारांनाही अशी नावं आहेत. अंबरखान्याच्या तीन इमारती म्हणजे गंगा, यमुना आणि सरस्वती. त्यांतली गंगा सगळ्यात मोठी. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. जाड भिंती, वर घुमट, घुमटाला भोक. धान्य वरून ओतायचं. आत शिरलं की गार वाटतं आणि बोललेलं घुमतं. अशा कोठारांच्या जिवावर गड तगतो. १६६० साली सिद्दी जौहरनं वेढा घातला, तेव्हा शिवराय चार महिने इथे अडकले होते. तोफा, बुरूज, दरवाजे सगळे बघतात. पण वेढ्यात शेवटचा प्रश्न असतो तो आज चुलीवर काय, हाच. त्या प्रश्नाचं उत्तर सांभाळणाऱ्या इमारतींना कुणीतरी बायकांची नावं दिली. फार विचार करून दिली असतील असं नाही. नद्या डोळ्यासमोर असतील. पण बरोबर दिली.

धुक्याच्या त्या सकाळी मी अंबरखान्यातून बाहेर आले आणि भूक लागली. गडावर बायका भाकरी करून देतात. झुणका, खर्डा, दही, कांदा. ज्यांच्याकडे मी नेहमी बसते त्या मावशी चूल फुंकत होत्या. पाच-सहा वर्षं मी त्यांच्या हातची भाकरी खातेय. त्यांच्या नातवाचं नाव मला माहीत आहे. त्यांच्या म्हशीचं नावसुद्धा माहीत आहे. डोक्यात अजून तारा घुमत होती, म्हणून विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय हो?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी हिशेबात चूक काढलीय. "नाव व्हय? ते कशाला पायजे आता?"

"सहज. इतकी वर्षं येतेय, विचारलंच नाही."

त्या हसल्या. भाकरी उलटली. "म्हायेरचं सांगू का कागदावरचं?"

मी म्हटलं, तुम्हाला आवडतं ते सांगा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. एवढा विचार नावाला लागतो, हे मला तेव्हाच कळलं. मग त्यांनी हळूच, चुलीकडंच बघत, एक नाव सांगितलं.

गड उतरताना मी ठरवलं की घरी एक करून बघायचं. आमच्याकडे सकाळी सातला तारांबळ असते. तुमच्याकडेही असेल. या शब्दाचीही एक मजा आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी भटजी सूर चढवतात, तेव्हा त्यात ताराबल आणि चंद्रबल असे शब्द येतात. ताऱ्यांचं बळ, चंद्राचं बळ. ते कानावर पडलं की मुहूर्त आला. मग अक्षता कुठे, हार कुठे, वाजंत्र्याला खुणवा, मामा कुठे गेला, अशी एकच धावपळ. त्या ताराबलाची तारांबळ झाली. म्हणजे बघा, तारा तिथेही आहेच.

तर या तारांबळीत आपण पहिलं काय टाकून देतो? नाव. "अगं, डबा!" "अहो, किल्ली!" "ए, बस गेली!" वाक्यात काम राहतं, माणूस गळतं. मी ठरवलं, आधी नाव घ्यायचं, मग काम सांगायचं. बस इतकंच. लेकीच्या बाबतीत सोपं गेलं. तिचं अख्खं नाव घेतल्यावर तिला आधी वाटलं की आपण काहीतरी सांडलंय. दोन दिवसांनी सवय झाली. नवऱ्याला 'अहो'ऐवजी नावानं हाक मारली, तर ते गॅलरीत जाऊन बघून आले की कोण आलंय. खोटं नाही सांगत.

अडचण होती सासूबाईंची. त्यांना मी आईच म्हणते आणि आईच म्हणणार. त्यांना नावानं हाक मारायची म्हणजे माझीच जीभ चावली जाईल. मग एक जागा सापडली. त्यांच्या गोळ्यांचा डबा आहे. त्यावर मी कधीकाळी चिठ्ठी चिकटवली होती, 'आईंच्या गोळ्या'. ती काढली आणि मोठ्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलं. पुढे काही नाही, मागे काही नाही. दुपारी त्या डबा घेऊन बसल्या होत्या. गोळी खाऊन झाली तरी डबा हातातच होता. अंगठा त्या अक्षरांवरून फिरत होता. मला म्हणाल्या, "शाळेत पाटीवर असंच लिहायचे मी. ळ माझा चांगला यायचा." त्यांच्या नावात ळ आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग त्यांनी शाळेतल्या बाईंबद्दल अर्धा तास सांगितलं. इतक्या वर्षांत हा विषय आमच्यात निघालाच नव्हता.

कागदांवर आता थोडं बदलतंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव अशी रीत लागू झाली आहे. ऐकायला नवं वाटतं. पण नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णी आपल्या आईच्या नावानंच ओळखला जातो, आणि त्या आईनं, गौतमी बलश्रीनं, दान देताना स्वतःचं नावही दगडात कोरून घेतलंय. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली त्याला. शाळेच्या अर्जावर आईच्या नावाचा रकाना भरताना तिची आठवण यायला हरकत नाही.

आणि तारा? ती पुन्हा आलीय. मधे एक काळ असा होता की तारा म्हटलं की नऊवारीतली आजी डोळ्यापुढे यायची. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, ज्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. बोर्डी-कोसबाडला लहान मुलांच्या बालवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक. सांगलीच्या ताराबाई भवाळकर तर २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. सगळ्या 'बाई'. आता बालवाडीच्या हजेरीत तारा असते आणि ती नुसती तारा असते. परदेशातल्या मराठी घरांनाही हे नाव सोयीचं वाटतं, कारण तिथल्या जिभेला ते मोडता येत नाही. आयर्लंडमध्ये तारा नावाची एक प्राचीन टेकडी आहे, त्यांच्या जुन्या राजांची. तो शब्द वेगळ्या मुळाचा. पण तिकडच्या मुलींनाही तारा म्हणतात. एकाच वर्गात एक तळबीडच्या बाजूची आणि एक त्या टेकडीची बसली, तर बाईंनी हाक मारल्यावर दोघी वळतील.

परवाच्या रविवारी पुन्हा पन्हाळ्याला गेले. धुकं नव्हतं, ऊन होतं. गर्दीही होती. मावशींच्या चुलीपाशी चार-पाच गिऱ्हाईकं उभी होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. मावशी, इकडं दोन भाकरी. मावशी, दही आहे का? मावशी, किती झाले? त्या मान वर न करता हातानंच उत्तरं देत होत्या. मी लांबूनच हाक मारली. त्या दिवशी सांगितलेलं नाव, आणि पुढे आक्का. ते नाव इथे छापत नाही. ते मला हाकेसाठी दिलं होतं.

त्यांचा हात पिठातच थांबला. आधी त्यांनी मागं वळून बघितलं, आणखी कुणाला म्हणतायत का. मागं फक्त तटबंदी होती. मग माझ्याकडं बघितलं, आणि त्या लहान तारासारखीच, पण अजिबात न कंटाळता, त्यांनी "ओऽऽ" दिली.